जुना पाईप द्या, नवा न्या

जालना, ११ मार्च २०२५

सोमेश्वर,

आशीर्वाद लिहायला आज मन नाही, ते पुढच्या पत्रात बघू. तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस. दाजींच्या फोनवरून केला तर माझा आवाज ऐकला की ठेवून देतोस. बदनापूर काही परदेशात नाही, पण तुझ्या कारखान्याच्या गेटवर उभी राहून तमाशा करण्याइतकी लाज मी अजून सोडलेली नाही. म्हणून कागद. फाडायचा असला तरी आधी दोन ओळी तरी वाचल्याच जातात.

आपला नमुना नापास झाला. बघ, 'आपला' लिहून गेले. माझा नापास झाला. मालाची तपासणी करणाऱ्या सरकारी खात्याच्या साहेबांनी जानेवारीत आवारातून शेतीच्या पाईपाचे तुकडे कापून नेले होते, त्याचा अहवाल काल आला. पाईपात शिसं निघालं, आणि नियमात बसतं त्याच्या कितीतरी वर निघालं.

आता हे कसं झालं ते तू मला सांग. तीन वर्षांपूर्वी याच शिशावरून तू अप्पांचा कारखाना सोडून गेलास. मशीनच्या आचेत पाईप जळू नये म्हणून जी पावडर घालतात ती पूर्वी शिशाची असायची, स्वस्त आणि बिनघोर. सरकारने ती बंद करा म्हटलं. मी म्हणाले, करू. तू म्हणालास, "अक्का, जो पयले नियम पाळंल तो पयले मरंल." मी कॅल्शियम-झिंकची पावडर आणली. ती महाग तर आहेच, शिवाय नखरेल. आच जरा चढली की पाईप पिवळा पडतो, म्हणून मशीन सबुरीनं चालवायचं, म्हणून माल कमी निघायचा, म्हणून भाव चढवायचा. तू बदनापूरला जुनीच पावडर घेऊन वेगळी चूल मांडलीस, पोपटी पट्टीचा पाईप काढलास आणि अप्पांच्या 'मोट छाप'चे निम्मे दुकानदार सोबत नेलेस. छापाचं नावसुद्धा 'नवमोट'. रामरावअप्पांच्या मुलाला दुसरं नाव सुचू नये, याचं मला आजही नवल वाटतं.

मी साफ बोलते. तुझा मिक्सरवरचा माणूस कचरू डिसेंबरात दोनदा माझ्या आवारात दिसला. माझा मिक्सर सांभाळणाऱ्या रिजवानने स्वतः पाहिला. चहा प्यायला आला होता म्हणे. बदनापूरला चहा मिळत नाही का? माझ्या पावडरीत तुझी पावडर मिसळायला किती वेळ लागतो, हे तुला आणि मला दोघांनाही माहीत आहे.

मे महिन्यात साहेब दुसरा नमुना नेतील. तोही नापास झाला तर पाईपावरचा सरकारी शिक्का गेला. शिक्का गेला तर दुकानदार माल ठेवणार नाहीत, आणि रिजवानसकट सगळी माणसं घरी बसतील. तुला हेच हवं असेल तर तसं कळव, म्हणजे मी उगीच डोकं फोडून घेणार नाही.

आणि एक गोष्ट कानावर घालते, तुला जळायला बरी. टेंभुर्णीच्या पलीकडच्या बोरवस्तीने लोकवर्गणी काढून पिण्याच्या पाण्याची लाईन टाकली. विहिरीपासून टाकीपर्यंत आणि टाकीपासून घरोघर, सगळा पाईप माझा. ठेकेदार मिथुन तुझा पाईप लावायच्या बेतात होता. मी स्वतः जाऊन बायकांना समजावलं की पिण्याचं पाणी आहे, शिसं लहान लेकरांच्या डोक्याला बाधतं, चार पैसे जास्त द्या. त्यांनी दिले. अक्षय तृतीयेला पाणी सुरू होणार आहे.

दैवशाला

जालना, १९ मार्च

सोमेश्वर,

तुझी चिठ्ठी कचरूच्या हातून मिळाली. तीन वर्षांनी अक्षर पाहिलं, अजून तसंच कोंबडीच्या पायासारखं आहे. "अक्का, मला तुझ्या मिक्सरमधी हात घालायला वेळ न्हाई. माझाच माल पुरून न्हाई राह्यला." एवढंच. बहीण मरते का जगते हे विचारायला कागद संपला असेल.

तुझा माल पुरत नाही हे मला मुद्दाम कळवलंस, ते पोचलं.

मी पावडर तपासायला पाठवली होती. उघडी पोती, बंद पोती, मिक्सरच्या तळाचं खरवडलेलं, सगळं. काल अहवाल आला. पावडर स्वच्छ आहे. आता मला काही सुचेना झालं आहे. आठवडाभर मी तुझ्यावर दात खात होते, त्यात निदान जीव रमत होता. आता कोणावर खाऊ?

रिजवानवर खाल्ले. बिचाऱ्याला नको ते बोलले. म्हटलं, चावी तुझ्याकडे, मिक्सर तुझ्याकडे, दुसरं कोण करणार. त्याने चावी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "अक्का, मेरे अब्बा अजमतभाई अप्पासायबांच्या येळेपासून हितं व्हते. शक असला तर जातो मी, बिलकुल जातो. पर शक घेऊन न्हाई जाणार. पयले शोधा, मंग काढा." संध्याकाळी चावी परत दिली तेव्हा त्याने घेतली, पण माझ्याशी बोलला नाही. आज सकाळी बोलला, तेही ग्राइंडरचं पातं बोथट झालंय म्हणून.

दाजी म्हणतात, ब्लडप्रेशरची गोळी वाढव. त्यांना प्रत्येक गोष्टीवर तीच गोळी दिसते.

तुझ्यावरचा संशय मी पूर्ण सोडलेला नाही. अर्धा सोडला आहे.

दैवशाला

जालना, ३ एप्रिल

चि. सोमेश्वर,

राहिलेला अर्धाही सोडला. आळ मागे घेते. कचरू खरंच चहाला आला होता, आणि चहा पिता पिता रिजवानला विचारत होता की अक्का कामाला घेतील का. तुझ्याकडच्या पावडरीच्या धुरळ्याने त्याचं पोट सारखं दुखतं म्हणे. हे तुझ्या कानावर असावं.

आता नीट वाच.

चैत्र लागला की आपल्याकडे काय होतं ते तू विसरला नसशील. गहू-हरभरा निघाला की तीर्थपुरीकडून टेम्पो यायला लागतात. उन्हाने तडकलेले, ट्रॅक्टरखाली चेपलेले, उंदरांनी कुरतडलेले जुने पाईप भरून. गेटवर अप्पांनी रंगवून घेतलेली पाटी अजून आहे, 'जुना पाईप द्या, नवा न्या'. जुना तोलायचा, नव्यात वजा करायचा, माणसाला पिठलं-भाकर खाऊ घालून पाठवायचं. शिशाच्या नियमाने माझा भाव चढला तरी जे गिऱ्हाईक टिकलं ते या अदलाबदलीवर. मोठ्या कंपन्या हे करत नाहीत, तूही करत नाहीस. तोच जुना पाईप ग्राइंडरमध्ये घालून चुरा करायचा, आणि तो चुरा नव्या मालात थोडाथोडा मिसळायचा. अप्पा असंच करायचे, आणि तू होतास तेव्हा तूही असंच करायचास.

परवा मी उन्हात उभी होते. तीर्थपुरीचे एक म्हातारबाबा टेम्पोतून पाईप उतरवत होते. त्यात निम्म्याहून जास्त पोपटी पट्टीचे. मी विचारलं, बाबा, हा तर आमचा नाही. ते म्हणाले, "स्वस्तात भेटला म्हनून बदनापूरचा घेतल्ता पोरानं. दोन उन्हाळे बी न्हाई निंगाले. मंग म्हनलं, रामरावाच्या लेकीकडं नेऊ, ती कोनचा बी घेती."

ती कोणचाही घेते. सोमेश, मी रिजवानला हाक मारून आरी आणायला सांगितली.

त्याच दिवशी तीन तुकडे तातडीची फी भरून तपासायला दिले, काल अहवाल आला. एक आपला जुना मोट छाप, अप्पांच्या काळातला. एक तुझा. एक माझा नवा. तुझ्यात शिसं भरपूर आहे, ते मला माहीतच होतं. पण अप्पांच्यातही आहे, आणि असणारच, तेव्हा सगळेच घालायचे. माझ्या नव्यात जे निघालं ते या दोघांचं आहे. मी समोरच्या दाराने शिसं हाकललं, नव्या पावडरीच्या पोत्यांना हळदीकुंकू लावलं, पेढे वाटले. आणि मागच्या दाराने तेच शिसं पिठलं-भाकर घालून, तोलून मापून आत घेतलं. तीन वर्षं. चुरा म्हणजे नुसतं प्लास्टिक, असंच सगळे धरून चाललो. पाईप दळला म्हणून त्यातलं शिसं कुठे जाणार, हा साधा विचार कोणाच्या मनात आला नाही. तुझ्याही आला नव्हता, हे कबूल कर.

ग्राइंडर बंद केला आहे. पाटीवर पोतं टाकलं आहे. काल दोन टेम्पो परत पाठवले. एकजण गेटवर थुंकून गेला.

बोरवस्तीच्या मालाची काळजी करू नकोस. तो पिण्याचा पाईप, त्यात चुरा घातला नव्हता.

अक्का

जालना, १६ एप्रिल

चि. सोमेश्वर,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं होतं. तू ओळखलं असशील. लहानपणीही मी खोटं बोलले की तू आईकडे न बघता माझ्याकडे बघायचास.

बोरवस्तीच्या मालात चुरा होता. ऑर्डर मोठी, त्यांना उन्हाळ्याच्या आत लाईन हवी, आणि कच्च्या प्लास्टिकची, रेझिनची गाडी वाटेत अडकली होती. रिजवान विचारायला आला, "अक्का, माल कम पडून राह्यला, चुरा टाकू का?" मी फोनवर होते. मान हलवली. पिण्याच्या पाईपात चुरा घालायचा नाही हा अप्पांचाच दंडक, पण मला वाटलं, आपल्या चुऱ्याने काय होणार आहे. स्वच्छ पावडरीचा मला इतका माज आला होता.

आता माझ्यापुढे जे आहे ते तुला उलगडून सांगते, कारण धंद्याचं बोलायला घरात दुसरं कोणी नाही. ग्राइंडर बंद आहे, त्यामुळे मे महिन्यातला नमुना पास होईल. शिक्का वाचेल. माणसं वाचतील. मी फक्त गप्प बसायचं. पाईप जमिनीखाली गेला आहे, बुजवला आहे, अक्षय तृतीयेला वस्तीवर पाणी येईल. बायका त्या पाण्याने नवे माठ भरतील आणि मेलेल्या माणसांच्या नावाने देतील. नंतर तेच पाणी त्यांची लेकरं पितील, रोज. आणि मी काय पुरलं आहे ते आम्हा दोघा-तिघांनाच माहीत असेल. आता तुलाही.

मिथुनशी बोलून बघितलं. तो म्हणाला, "ताई, गाडलेला पाईप कोन तपासतंय? तुमी बोलून गेल्या तर माझं बिल अडकंल, तुमचं नाव जाईल. अन् पाण्याची बोंब राहीलच." तो वाईट माणूस नाही. हिशोब त्याचा चुकलेला नाही.

आणि परवा तुझं पत्र आलं. चक्क दोन पानं. मी ते चारदा वाचलं. तू लिहितोस, "नियम मोठ्यांसाठी हाय अक्का. त्यांच्या घरात लॅब हाय, वकील हाय. आपल्यासारख्याच्या गळ्यात तो धोंडा. तपासायला येतात ते बी शिक्केवाल्याकडंच, माझ्याकडं कोन येतंय? तू पाळलास, तू सापडलीस. मी न्हाई पाळला, मी निवांत." यातलं एकही वाक्य मला खोडता येत नाही, आणि याचाच मला संताप येतो. तीन वर्षं मी महाग पावडर घेतली, हळू मशीन चालवलं, दुकानदार गमावले, आणि नमुना माझा नापास. तू मजेत. देवाचा असा कसला न्याय म्हणून मी रडलेही. दाजींनी विचारलं तर गोळी संपली असं सांगितलं.

पण पुढे तू लिहितोस, "गप बस. बोललीस तर दोघांचा बी धंदा बसंल. न झेपलं तर कारखाना मला दे, मी चालवतो, तू घरी आराम कर." सोमेश, तू प्रेमाने लिहिलं असशील. पण मी घरी आराम करत असेन आणि अप्पांच्या मशीनवर पोपटी पट्टी निघत असेल, हे मला डोळ्यांपुढे दिसलं.

मी अजून ठरवलेलं नाही. ठरवलेलं नाही असं लिहिते आहे, पण साहेब कधी भेटतात ते सकाळीच विचारून ठेवलं आहे, म्हणजे ठरलं असावं.

अक्का

जालना, २३ एप्रिल

चि. सोमेश्वर,

सांगून आले.

आधी खात्याच्या साहेबांना सांगितलं, सगळं, चुऱ्यासकट. ते म्हणाले, बाई, तुम्ही थांबला असतात तरी चाललं असतं. मग शिक्का तहकूब केला. साठा, यंत्रं, चुरा, सगळं तपासून होईपर्यंत 'मोट छाप'चा एक पाईपही गेटबाहेर जाणार नाही. त्यांनी त्यांचं काम केलं, माझी तक्रार नाही.

मग बोरवस्तीला गेले. रिजवान म्हणाला मी पण येतो, मान तुम्ही हलवली पण चुरा मी टाकला. टाकीजवळच्या बोरीखाली माणसं जमली. लाईनीचं सगळं बेबीनंदा बघते, तिशीची असेल, पाठीवर लेकरू घेऊन हिशोब सांगते. मी उभं राहून सांगितलं. काय चुकलं, कसं चुकलं, पाईप काढावा लागेल, माझ्या खर्चाने काढेन, पैसे परत करेन.

कोणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. बेबीनंदाने शांतपणे विचारलं, "ताई, तुमीच आल्त्या ना हितं? तुमीच म्हनल्या, बदनापूरचा घेऊ नका, त्यात शिसं ऱ्हातं. आमी बायांनी भिशीतून वरचे पैसे टाकले. मंग आमी महागाचं घेतलं काय?"

मी म्हटलं, तेच शिसं, जास्त पैसे देऊन.

एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "सांगाया आली हे बी कमी न्हाई. न्हाई आली असती तर कुनाला कळलं असतं?" त्यावर मागून एक बाई म्हणाली, "ते बराबर हाय, पर पानी कवा?" आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, माझा कारखाना आता पाईप देऊ शकत नाही. तेव्हा मात्र लोक उठले. दुपारी त्यांनीच कुदळी आणल्या आणि पाईप उपसायला लागले. मीही माती ओढली. बेबीनंदाने एकदा माझ्या हातातून घमेलं काढून घेतलं आणि दुसऱ्या वेळी परत दिलं. मिथुन लांब उभा राहून फोनवर बोलत होता.

चार महिने राबून त्यांनी घातलेली लाईन आम्ही सगळ्यांनी मिळून दोन दिवसांत उकरून काढली. आता तिथं लांबलचक उघडा चर आहे, आणि बायका त्याच्या कडेने हंडे घेऊन जुन्या विहिरीवर जातात.

तू जिंकलास, असं लिहायचं मनात आलं होतं. मग वाटलं, या सगळ्यात तुझं-माझं कुठे बसतं. पण लिहूनच टाकते. तू जिंकलास. आता जिल्ह्यात आपल्या मापाचा पाईप काढणारा तू एकटा उरलास.

अक्का

जालना, २६ एप्रिल

प्रिय सोमेश,

वर 'प्रिय' लिहिलं आहे, ते समजून लिहिलं आहे.

आज सकाळी बेबीनंदाचा फोन आला. म्हणाली, "ताई, मिथुनभाऊ म्हनतो बदनापूरहून माल येऊन राह्यला. मंगळवारी ट्रक लागंल. चर उघडाच हाय, दोन दिवसांत लाईन व्हईल. भाव बी कमी हाय. तो पाईप अजून तसाच हाय का, तुमाला म्हाईत असंल."

मला म्हाईत आहे. त्याच्या तुकड्याचा अहवाल माझ्या समोर आहे. माझ्या पाईपात शिसं चुकून गेलं, तुझ्यात ते पोत्याने घातलेलं आहे. मी खरं बोलले म्हणून त्या चरात आता माझ्यापेक्षा वाईट पाईप पडणार आहे. असं होईल हे मला दिसायला हवं होतं, दिसलं नाही. मी तिला एवढंच म्हणाले, माझ्या भावाचा पाईप आहे, त्याला विचारून सांगते. ती म्हणाली, "विचारा. घाई न्हाई. आखाजीला न्हाई झालं तरी चालंल, पर आता दुसऱ्यांदा उकरायची ताकद न्हाई आमच्यात."

तर विचारते आहे.

तुझ्या मंगळवारच्या ट्रकात काय भरलं जाणार, हे अजून ठरायचं आहे असं मी धरून चालले आहे. हे पत्र रिजवान आणतो आहे, आणि त्याच्यामागे टेम्पो आहे. टेम्पोत माझी सगळी रेझिन आणि कॅल्शियम-झिंकची सगळी पोती आहेत. सकाळी त्याचा कागद साहेबांकडून करून घेतला. पाईप बाहेर जायचा नाही, पण न फोडलेला कच्चा माल नेता येतो. पोतं न पोतं तपासलेलं आहे, रिजवानकडे अहवाल आहे, आणि नसता तरी तुझा माझ्या शब्दावर अजून तेवढा भरवसा असावा. बोरवस्तीच्या लाईनीला हा माल पुरून उरेल. तुझं मशीन, तुझी माणसं, तुझा छाप, तुझं नाव. पैसे मिथुन तुला देईल, त्यातला एक रुपयाही मला नको. 'नवमोट' पाईपाने बोरवस्तीला पाणी दिलं असं लोक म्हणतील आणि मी ते ऐकून घेईन.

फक्त कसं करायचं ते ऐक, कारण ही पावडर तू कधी हाताळलेली नाहीस. आधी मिक्सर आणि मशीन पूर्ण रिकामं कर, आतून घासून घे. थोडा माल घालून मशीन फिरव आणि ते पहिले पाईप बाजूला काढ, ते लाईनीत द्यायचे नाहीत. आच तुझ्या नेहमीपेक्षा कमी ठेव. पाईप पिवळा पडला तर घाबरू नकोस, वेग उतरव. तुझी माणसं म्हणतील मशीन बिघडलं, त्यांना म्हणावं असंच चालतं. जे पाईप वाया जातील ते दळू नकोस, काही झालं तरी दळू नकोस. अडलं तर रिजवान दोन दिवस तिथंच थांबेल, मी सांगून ठेवलं आहे. त्याच्या जेवणाचं बघ, त्याला वांग्याची भाजी चालत नाही. आणि कचरूला धुरळ्यापासून लांब ठेव.

यात तुझा तोटा आहे. मशीन हळू चालेल, बाकीच्या ऑर्डरी मागे पडतील, आणि एकदा हा पाईप काढलास की तुझे दुकानदार विचारतील की आम्हाला हा का नाही. त्याचं उत्तर तुलाच शोधावं लागेल. मी तीन वर्षं शोधते आहे. पण एकट्याने शोधण्यापेक्षा दोघांनी शोधलं तर बरं पडेल, असं मला वाटतं. दोघांचा भाव सारखाच चढला तर मी महाग आणि तू स्वस्त, हे भांडणच उरणार नाही.

मी धमकी देत नाही. धमकी द्यायची असती तर हे पत्र आधी बेबीनंदाला लिहिलं असतं आणि साहेबांना दुसरं. तू माझा भाऊ आहेस, म्हणून पहिला विचार तुझा केला. पण त्या बाईला मी उत्तर द्यायचं आहे, आणि खोटं उत्तर मी तिला देऊ शकत नाही. तुझ्यासाठीसुद्धा नाही.

मी उद्या दिवसभर गेटवर बसून आहे. टेम्पो रिकामा आला तर बेबीनंदाला फोन करून सांगेन, पाईप चांगला आहे, डोळे झाकून लावा, माझ्या भावाने केला आहे. आणि भरलेलाच आला, तर तो उतरवून घेणार नाही. तसाच त्यात बसून बोरवस्तीला जाईन आणि तुझ्या पाईपाचा अहवाल बेबीनंदाच्या हातात देईन.

तुझी,
अक्का